मोपा ते गॅटविक : एका तक्त्यावरचे चार आकडे

हे प्रकरण गोव्यातल्या पेडणे तालुक्यातल्या एका उच्च माध्यमिक विद्यालयातलं. अकरावीच्या एका गटाने विज्ञान प्रदर्शनासाठी विषय घेतला : मोपाच्या मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळापासून लंडनच्या गॅटविक विमानतळापर्यंतचं हवाई अंतर. विषय का सुचला हे पेडण्यात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. मोपाचं उद्घाटन ११ डिसेंबर २०२२ ला झालं, ५ जानेवारी २०२३ पासून विमानं उतरू लागली आणि त्याच वर्षी गॅटविकला थेट विमान सुरू झालं. गोव्यातल्या किती तरी घरांतलं माणूस इंग्लंडात आहे. शिवाय गटातल्या एका मुलीचा मामा मोपालाच सामान चढवण्या-उतरवण्याच्या कामावर.

मार्गदर्शक म्हणून माझ्यापुढे जो कच्चा कागद आला त्यावर चार आकडे होते : ९,११२, ९,५६७, ११,०५१ आणि ७,५४५ किलोमीटर. चौघांनी चार वाटांनी काढलेले. "सर, यातला कुठला लिहू?" एवढाच त्यांचा प्रश्न होता. उत्तर सांगून मोकळं होणं सोपं होतं. पण तीन चुकीचे आकडे नेमके कुठे चुकले हे कळल्याशिवाय चौथा बरोबर आहे असं म्हणायला आधार काय? म्हणून प्रत्येकाने आपला आकडा फळ्यावर मांडून दाखवायचा असं ठरलं.

सुरुवात विमानतळांच्या पत्त्यापासून झाली. मोपा साधारण १५ अंश ४४ मिनिटं उत्तर, ७३ अंश ५२ मिनिटं पूर्व. दशांशात १५.७३ आणि ७३.८७. इथेच एक खड्डा आहे. एका मुलाने वहीत सरळ १५.४४ आणि ७३.५२ लिहिलं होतं, मिनिटांचा दशांश न करता. आम्ही ते नकाशावर टाकून पाहिलं तर विमानतळ किनाऱ्यापासून बराच पश्चिमेला, अरबी समुद्रात गेलेला. वर्ग हसला आणि ६० ने भागायचं कायमचं लक्षात राहिलं. गॅटविक ५१.१५ उत्तर, ०.१९ पश्चिम. पश्चिम म्हणजे वजा. हे वजाचं चिन्ह लंडनच्या बाबतीत फसवं असतं : विसरलं तरी उत्तर पंचवीसेक किलोमीटरनेच हलतं आणि चूक पचून जाते. तेच लिस्बन असतं, ९.१३ पश्चिम, तर हजार किलोमीटरच्या वर घोटाळा होऊन लगेच पकडला गेला असता. चूक मोठी असली की बरं, असं मी मुलांना सांगतो ते याच अर्थाने.

आता पहिला आकडा, ९,११२. अक्षांशांतला फरक ३५.४२ अंश, रेखांशांतला ७४.०६ अंश, एका अंशाचे १११ किलोमीटर, आणि मग पायथागोरस. नववीपासून हात बसलेला, त्यामुळे कुणालाच शंका आली नाही. अक्षांशाच्या बाबतीत १११ ठीक आहे, पण रेखांश ध्रुवाकडे जाताना एकमेकांजवळ येतात. मोपाच्या अक्षांशावर रेखांशाचा एक अंश म्हणजे १०७ किलोमीटर. गॅटविकच्या अक्षांशावर तोच अंश सत्तर किलोमीटरचाही पुरता भरत नाही. ७४ अंशांवर हा फरक केवढा साचत असेल! दोन्ही अक्षांशांची सरासरी ३३.४४ धरून तिच्या कोसाइनने रेखांश आकसून घेतले तर त्याच पायथागोरसने ७,९०७ येतात. सुधारणा मोठी, पण पृथ्वी अजून कागदासारखी सपाटच धरलेली.

दुसरा आकडा, ९,५६७, मोबाइलवरच्या नकाशाचा. नकाशाची छापील प्रत, त्यावर फूटपट्टी. हे नकाशे मर्केटरच्या पद्धतीचे असतात. १५६९ मध्ये मर्केटरने ही पद्धत काढली ती खलाशांसाठी : नकाशावर सरळ रेषा ओढा आणि होकायंत्रावर एकच दिशा धरून जा, पोचाल. दिशा जपायची तर अंतरांचा बळी द्यावा लागतो, आणि तो उत्तरेकडे जास्त जातो. मुलाने विषुववृत्ताजवळच्या प्रमाणाने मोजलं म्हणून ९,५६७. त्याला म्हटलं, आता लंडनजवळचं प्रमाण धर. आले ६,०००. रेषा तीच, पट्टी तीच. वर्गात थोडा वेळ गडबड झाली, कारण नकाशाच्या कोपऱ्यातलं प्रमाण सगळ्या नकाशाला लागू असतं अशी सगळ्यांची समजूत होती. आपल्या तालुक्याच्या नकाशाला ते खरंच लागू असतं. दोन खंडांच्या नकाशाला नाही.

तिसऱ्या आकड्यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला. ११,०५१. या मुलीने सूत्र अगदी बरोबर घेतलं होतं, संगणकावरच्या तक्त्यात घातलं होतं, एकही आकडा चुकला नव्हता. तरी उत्तर साडेतीन हजार किलोमीटर जास्त. कारण एवढंच, की तक्त्यातली साइन आणि कोसाइन ही फलनं कोन रेडियनमध्ये (एक रेडियन म्हणजे साधारण ५७.३ अंश) मागतात आणि तिने अंश दिले. संगणकाने ७४.०६ अंशांऐवजी ७४.०६ रेडियन समजून मुकाट्याने हिशोब केला. उत्तर ऋण आलं असतं, किंवा पृथ्वीच्या निम्म्या परिघापेक्षा, म्हणजे वीस हजार किलोमीटरपेक्षा जास्त आलं असतं, तर तिनेच थांबून पाहिलं असतं. पण ११,०५१ हा दिसायला सभ्य आकडा आहे. गोवा ते लंडन अकरा हजार? असेल बुवा. अशा वेळी सूत्र तपासत बसण्यापेक्षा हातात धरता येईल असं काही तरी शेजारी हवं, म्हणून मी भूगोलाच्या कपाटातला पृथ्वीगोल काढायला लावला.

३० सेंटीमीटर व्यासाचा गोल, परिघ ९४.२ सेंटीमीटर. एका मुलीने गोव्यावर दोऱ्याचं टोक बोटाने दाबलं, दुसऱ्याने लंडनवर, आणि दोरा ताणला. सैल दोरा कुठूनही जातो. ताणला की आपोआप उत्तरेला सरकतो आणि एका जागी बसतो. तिथे तो सगळ्यात आखूड असतो. मुलांनी तो दोन-तीनदा मुद्दाम दक्षिणेला, दुबईवर ढकलून पाहिला, सोडला की परत वर. खूण करून मोजला तर १७.८ सेंटीमीटर. पृथ्वीचा परिघ ४०,०३० किलोमीटर धरून ७,५६० च्या आसपास. या गोलावर एक मिलिमीटर म्हणजे बेचाळीसेक किलोमीटर, तेव्हा पाच-पन्नास किलोमीटरची हमी दोरा देणार नाही. पण ११,०५१ आणि ९,११२ हे दोन्ही आकडे त्याने एका झटक्यात बाद केले.

गोलावर ताणलेल्या दोऱ्याची ही वाट म्हणजे बृहद्‌वृत्ताचा तुकडा : पृथ्वीच्या केंद्रातून कापल्यावर पृष्ठभागावर जे सगळ्यात मोठं वर्तुळ उमटतं त्याचा कंस. त्याची लांबी काढायला केंद्रापाशी होणारा कोन हवा. त्या कोनाची कोसाइन अशी मिळते : दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार, अधिक दोन्ही अक्षांशांच्या कोसाइनचा आणि रेखांशांतल्या फरकाच्या कोसाइनचा गुणाकार. फळ्यावर हे असं उतरलं :

साइन १५.७३ × साइन ५१.१५ = ०.२१११३

कोसाइन १५.७३ × कोसाइन ५१.१५ × कोसाइन ७४.०६ = ०.१६५८२

बेरीज ०.३७६९५, म्हणून कोन ६७.८५५ अंश. पृथ्वीची सरासरी त्रिज्या ६,३७१ किलोमीटर धरली तर एका अंशाला १११.१९५ किलोमीटर, आणि अंतर ७,५४५ किलोमीटर. चौथ्या मुलाचा आकडा हाच. पडताळा घ्यायला सागरी मैल बरे पडतात. एका अंशात ६० मिनिटं आणि एका मिनिटाला साधारण एक सागरी मैल, म्हणून ४,०७१ सागरी मैल. १९२९ मध्ये ठरलेल्या १,८५२ मीटरने गुणले की ७,५४० किलोमीटर. पाचाचा फरक उरतो, कारण दोन्हीकडे पृथ्वीचा आकार किंचित वेगळा धरलेला आहे.

आता कुणी म्हणेल, पृथ्वी तर ध्रुवांकडे चपटी आहे. आहेच. विषुववृत्तीय त्रिज्या ६,३७८ किलोमीटर, ध्रुवीय ६,३५७. ते चपटेपण हिशोबात घेणारी विन्सेंटीची पद्धत १९७५ पासून वापरात आहे. गोल पृथ्वीच्या सूत्राची चूक अर्ध्या टक्क्याच्या आत राहते, म्हणजे इथे चाळीस किलोमीटरच्या आत. शाळेच्या तक्त्याला तेवढं पुष्कळ आहे.

इथे प्रकरण मिटलं असतं. पण मुलीने घरी सांगितलं आणि मामाने फाटा फोडला. "साडेसात हजार कसले? पाकिस्तानने हद्द बंद केल्यापासून विमानं हजार-दीड हजार किलोमीटर जास्त फिरतात," असं तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी ती जवळजवळ भांडायलाच आली. मामाचं म्हणणं हवेतलं नव्हतं. २४ एप्रिल २०२५ पासून पाकिस्तानने भारतीय कंपन्यांच्या विमानांना आपली हवाई हद्द बंद केली, आणि त्यामुळे वाढलेल्या वेळेच्या बातम्या वर्तमानपत्रांत येतच होत्या. तेव्हा आमची रेषा नक्की कुठून जाते ते पाहायचं ठरलं.

मोपाहून ती वायव्येला, उत्तरेपासून ४१ अंश पश्चिमेला झुकून निघते. सौराष्ट्राला उजव्या हाताला ठेवून समुद्रावरून जाते आणि कराचीच्या पश्चिमेला मकरानच्या किनाऱ्यावर पाकिस्तानात शिरते. पुढे इराण, तेही जवळजवळ तेहरानवरून. मग आर्मेनिया, काळा समुद्र, क्रिमिया, ओदेसाचा परिसर, स्लोव्हाकिया, जर्मनी, बेल्जियम आणि गॅटविक. मुलांनी देशांची नावं लिहून काढली आणि त्यातलाच एक म्हणाला, "सर, पण युक्रेन?" बरोबर. युक्रेनची हवाई हद्द २४ फेब्रुवारी २०२२ पासून नागरी विमानांना बंद आहे. मोपाला पहिलं प्रवासी विमान उतरलं त्याच्या आधीपासून. म्हणजे हे ७,५४५ किलोमीटर मोपाहून एकाही प्रवासी विमानाने जसेच्या तसे कधी कापलेले नाहीत. मला स्वतःला या सगळ्या प्रकरणातली सगळ्यात रंजक गोष्ट हीच वाटते, आणि ती शोधली एका सोळा वर्षांच्या पोराने.

मग वळसा किती? प्रत्यक्ष उड्डाणाचा मार्ग रोजचा वारा आणि रोजच्या सूचना पाहून ठरतो, तो आम्ही कुठून आणणार? आम्ही फक्त बंद हद्दी टाळणारी एक कोपऱ्या-कोपऱ्यांची वाट आखली आणि प्रत्येक तुकड्याला तेच सूत्र लावलं. मोपा ते मस्कत १,८५०. मस्कत ते कुवेत १,२०२. कुवेत ते इराकमधलं एर्बिल ८६५. एर्बिल ते इस्तंबूल १,४३१. इस्तंबूल ते गॅटविक २,४६१. एकूण ७,८०९. म्हणजे सरळ रेषेपेक्षा फक्त २६४ किलोमीटर जास्त. ताशी ९०० किलोमीटर धरले तर अठरा मिनिटं.

मामा चुकला का? मुलीने दिल्लीचा हिशोब करून पाहिला. दिल्ली ते लंडनचा हीथ्रो विमानतळ सरळ ६,७३० किलोमीटर. दिल्लीहून आधी अहमदाबादकडे खाली उतरायचं, मग मस्कत आणि पुढे तीच वाट, तर ८,२१० च्या आसपास. वाढ जवळजवळ १,४८०. मामाने ऐकलेला आकडा दिल्लीचा होता आणि दिल्लीपुरता तो जुळतो. गोव्याहून पश्चिमेला निघालं की समोर मस्कतपर्यंत मोकळा समुद्र. वाट थोडी डावीकडे कलते एवढंच. दिल्लीला मात्र शेजारचं दारच बंद, सगळा वाडा वळसा घालून मागच्या दाराने जावं लागतं. रविवारी तिने मामाला तुकडे जोडलेला कागद दाखवला तेव्हा तो आकड्यांवर काही बोलला नाही, पण "मग येताना विमान लवकर कसं येतं ते सांग" म्हणाला. चांगला प्रश्न. त्या उंचीवर वारे बहुतेक पश्चिमेकडून पूर्वेला वाहतात. ताशी पन्नास किलोमीटरचा वारा सतत समोरून धरला तर ९०० चे ८५० होतात, पाठीमागून धरला तर ९५०. ७,५४५ ला भागून पाहा : जाताना ८.९ तास, येताना ७.९. हद्दीच्या वळशाने अठरा मिनिटं आणि एवढ्याशा वाऱ्याने तासभर फरक.

गंमत म्हणजे मर्केटरच्या नकाशावरची ती बदनाम सरळ रेषा आम्ही परत काढून पाहिली. ती मस्कत, दुबई, कुवेतच्या जवळून, इराक आणि सिरिया ओलांडून तुर्कस्तानात जाते. तिची खरी लांबी ७,७३९ किलोमीटर. म्हणजे फूटपट्टीवाल्याची लांबी चुकली, पण त्याची रेषा आजच्या विमानांच्या वाटेला आमच्या बृहद्‌वृत्तापेक्षा जास्त जवळ निघाली. त्याने हे वर्गभर मिरवलं आणि मी मिरवू दिलं.

तक्त्यावर शेवटी काय लिहायचं? एका मुलाचं मत पडलं की प्रत्यक्ष वाटेचे ७,८०९ लिहू, तेच खरं. मी त्याला नियमांकडे वळवलं. विमानाला फार उशीर झाला तर प्रवाशाला भरपाई किती, हे ठरवणारा युरोपीय संघाचा २००४ चा २६१ क्रमांकाचा नियम १,५०० आणि ३,५०० किलोमीटरचे टप्पे करतो, आणि ते अंतर बृहद्‌वृत्तानेच मोजायचं असं त्यातच लिहिलेलं आहे. विमान कुठून फिरून आलं याच्याशी त्याला कर्तव्य नाही. नाहीतर रोज वारा बदलला की भरपाई बदलायची. उलट इंधनाचा धूर मोजताना वळसा विसरून चालत नाही, म्हणून आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेचं कार्बन गणनयंत्र बृहद्‌वृत्ताच्या अंतरात भर घालतं : ५,५०० किलोमीटरच्या वर १२५ किलोमीटर. आमच्यासाठी ७,६७०. सामान चढवणाऱ्या मामाला, भरपाई मागणाऱ्या प्रवाशाला आणि धूर मोजणाऱ्याला एकच आकडा पुरणार नाही. तेव्हा मोठ्या अक्षरांत ७,५४५, त्याखाली 'बृहद्‌वृत्त, गोल पृथ्वी, त्रिज्या ६,३७१ किमी' आणि बाजूला वळशाची वाट तुटक रेषेने, असं ठरलं. कशाचं अंतर ते न लिहिता नुसता आकडा छापायला माझा विरोध होता आणि आहे.

प्रदर्शनाला परीक्षक आले ते वास्कोकडचे. त्यांनी लंडनची चौकशीच केली नाही. "आमच्या दाबोळीच्या विमानतळाहून किती?" मुलं तयार होती : ७,५७२. "दोन विमानतळांत किती अंतर?" तेही होतं, सरळ ३९ किलोमीटर. "मग लंडनला फक्त २७ किलोमीटरच कसे वाढले?" मुलगी म्हणाली, दाबोळी मोपाच्या दक्षिणेला आहे आणि लंडन वायव्येला, दक्षिणेला सरकलं तरी ते सगळं सरकणं लंडनपासून दूर जात नाही. परीक्षकांनी मान डोलावली आणि खिशातून पेन काढून म्हणाले, तुमच्याच सूत्राने ते ३९ माझ्यासमोर काढा, दशांशाच्या चार स्थळांच्या कोसाइन-कोष्टकावर.

काढले. कोन ०.३५ अंश, त्याची कोसाइन ०.९९९९८, चार स्थळांपर्यंत १.००००. अंतर शून्य. मांडवी आणि झुआरी दोन्ही ओलांडून ज्या विमानतळाला जावं लागतं तो कोष्टकाने मोपाच्या धावपट्टीवरच आणून ठेवला. इतक्या लहान कोनाला कोसाइन जवळजवळ हलतच नाही, म्हणून जवळच्या अंतरांना हॅवरसाइनचं सूत्र घेतात. ते अर्ध्या कोनाच्या साइनच्या वर्गावर चालतं आणि लहान कोनांतही आकडे हातात शिल्लक राहतात. मुलीने तेच सूत्र तक्त्याच्या मागच्या बाजूला मांडलं, कोष्टकाची तीच चार स्थळं वापरून, आणि ३९ आणले. परीक्षक पुढच्या टेबलाकडे वळले तेव्हा फूटपट्टीवाला तक्त्याच्या तळाशी बारीक अक्षरांत लिहीत होता : 'दाबोळीसाठी हे सूत्र वापरू नये.'